स्टेरॉइड मलमांची औषधयोजना आणि नायट्याचे बदललेले रूप

हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड ह्यांच्या विकारांत औषध लागू पडले की नाही, हे ठरविण्यासाठी वैद्याला नाडी, रक्तदाब किंवा प्रयोगशाळेतील तपासण्या ह्यांचा आधार घ्यावा लागतो. त्वचेच्या विकारांची गोष्ट वेगळी आहे. येथे औषधाचा परिणाम रोगी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि कंड थांबली की स्वतःच निर्णय देऊन मोकळा होतो. त्वचारोगचिकित्सेला हा एक लाभ आहे. पण तिच्यातील सर्वांत मोठा धोकाही ह्यातूनच उद्भवतो. लालसरपणा व कंड ही रोगाची चिन्हे होत, प्रत्यक्ष रोग नव्हे. जे औषध चिन्हे पुसून टाकते आणि रोग तसाच ठेवते, ते रोग्याला बरे झाल्याचा भास देते आणि वैद्याच्या हातातील निदानाचे साधन काढून घेते. स्टेरॉइड मलमे ही अशा औषधांचे ठळक उदाहरण होत. योग्य रोगात ती अमोल ठरतात व अयोग्य रोगात ती रोगाला आश्रय देतात. ह्या दोहोंतील सीमारेषा कोठे आहे आणि औषधयोजना करताना ती कशी सांभाळावी, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. पूर्वपीठिका

अधिवृक्क ग्रंथींच्या स्रावांचा वैद्यकातील उपयोग १९४८ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच ह्यांनी संधिवाताच्या रोग्यांवर कॉर्टिसोनचा प्रयोग केला. ह्या कार्याबद्दल हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन ह्यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोन त्वचेवर चोळून मात्र काहीच साधले नाही. १९५२ मध्ये सुल्झबर्गर व विटन ह्यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर गुणकारी ठरते असे दाखविले, तेव्हा त्वचारोगचिकित्सेचे एक नवे युग सुरू झाले. ह्या दोन द्रव्यांतील फरकाचे कारण बोधप्रद आहे. कॉर्टिसोन स्वतः जवळजवळ निष्क्रिय असते. यकृतात त्याचे हायड्रोकॉर्टिसोनमध्ये रूपांतर झाल्यावरच ते कार्य करू लागते. त्वचेत हे रूपांतर पुरेशा प्रमाणात होत नाही.

त्यानंतरच्या दोन दशकांत रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूत फ्ल्युओरीन आणि एस्टर गट जोडून अधिकाधिक तीव्र द्रव्ये सिद्ध केली. ट्रायॅम्सिनोलोन, फ्ल्युओसिनोलोन, बीटामेथॅसोन आणि शेवटी क्लोबेटासोल ही त्या मालिकेतील नावे होत. इसब, सोरायसिस, लायकेन प्लेनस इत्यादी दाहजन्य विकारांत पूर्वी डांबरापासून केलेल्या मलमांवर भिस्त ठेवावी लागे. तेथे ह्या द्रव्यांनी दिवसांत आराम मिळू लागला. हा आराम इतका शीघ्र व सुखद होता की त्याची कीर्ती दवाखान्याबाहेर पसरावयास वेळ लागला नाही.

२. कार्याची रीत

स्टेरॉइडचा रेणू स्निग्धविद्राव्य असल्यामुळे तो त्वचेच्या बाह्य शृंगस्तरातून हळूहळू झिरपतो आणि पेशीत शिरून तेथील ग्राहक प्रथिनाशी संलग्न होतो. हे युगुल पेशीच्या केंद्रकात जाते व विशिष्ट जनुकांचे कार्य वाढविते किंवा दडपते. दाह निर्माण करणाऱ्या रसायनांची निर्मिती त्यामुळे घटते, केशवाहिन्या आकुंचन पावतात आणि लसीका पेशींची हालचाल मंदावते. कंड, सूज व लाली कमी होणे हे त्याचेच दृश्य फळ होय.

परंतु हेच कार्य अधिक काळ चालू राहिल्यास त्याची दुसरी बाजू दिसू लागते. अंतस्त्वचेतील तंतुजनक पेशी कोलॅजेन हे प्रथिन कमी प्रमाणात बनवितात. त्वचा पातळ होते, तिच्यातील वाहिन्या विस्फारून बाहेरून दिसू लागतात, क्षुल्लक आघाताने रक्त साकळते, आणि काखेत व जांघेत रुंद पट्टे उमटतात. हे पट्टे एकदा उमटले म्हणजे पूर्णपणे जात नाहीत. शिवाय ज्या प्रतिकारक्रियेमुळे त्वचा जंतू व कवक ह्यांना रोखून धरते, तीच क्रिया दडपली जाते. ह्यास दुष्परिणाम असे नाव दिले जाते खरे. पण वस्तुतः गुण व दोष ही एकाच क्रियेची दोन अंगे आहेत. एक घ्यावे आणि दुसरे टाळावे अशी सोय ह्या रेणूत नाही. ती सोय वैद्याने मात्रा, स्थान व मुदत ह्यांच्या निवडीने करावयाची असते.

३. तीव्रता, स्थान आणि परिमाण

विद्यार्थ्यांच्या हातून वारंवार होणारी एक चूक येथे नोंदविणे अवश्य आहे. ट्यूबवर छापलेल्या टक्केवारीवरून मलमाची तीव्रता ठरत नाही. हायड्रोकॉर्टिसोनचे १ टक्का मलम सौम्य गणले जाते, तर क्लोबेटासोलचे ०.०५ टक्के मलम अतितीव्र वर्गात मोडते. अंकाने वीसपट लहान असलेले मलम परिणामाने कितीतरी पटींनी प्रबळ असते. एकाच द्रव्याचे निरनिराळे एस्टरही सारखे नसतात. तसेच तेच द्रव्य क्रीमपेक्षा स्निग्ध मलमात सामान्यतः अधिक परिणामकारक ठरते. तीव्रता मोजण्याची एक सुलभ पद्धती मॅकेन्झी व स्टॉटन ह्यांनी १९६२ मध्ये मांडली. निरोगी त्वचेवर औषध लावले असता केशवाहिन्या आकुंचन पावून ती जागा फिकट पडते. त्या फिकटपणावरून औषधांची तुलना करता येते. आजची वर्गवारी बऱ्याच अंशी ह्याच पद्धतीवर आधारलेली आहे. ब्रिटनमध्ये चार वर्ग मानतात, अमेरिकेत सात.

दुसरा प्रश्न स्थानाचा. शरीराची सर्व त्वचा सारखी नसते. फेल्डमन व मेबॅक ह्यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण शरीराच्या निरनिराळ्या भागांवर मोजले. हाताच्या आतील बाजूचे शोषण १ मानले, तर तळपायाचे सुमारे ०.१४, काखेचे ३.६, कपाळाचे ६, जबड्याच्या भागाचे १३ आणि वृषणकोशाचे ४२ पट आढळले. तळपायाच्या जाड त्वचेला जे मलम जेमतेम पुरे पडते, तेच जांघेत किंवा चेहऱ्यावर अनर्थ करू शकते, ह्याचा उलगडा ह्या आकड्यांवरून होतो. काख, जांघ व स्तनांखालील घडी ह्या जागी त्वचेवर त्वचा टेकून ओलसर बंदिस्तपणा निर्माण होतो आणि शोषण आणखी वाढते. तान्ह्या मुलाच्या लंगोटाचाही परिणाम तोच. मुलांच्या बाबतीत वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते. त्यामुळे रक्तात शोषल्या गेलेल्या औषधाने अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावण्याचा संभव प्रौढांपेक्षा अधिक असतो. पापण्यांवर दीर्घकाळ लावलेले मलम डोळ्यांतील दाब वाढवू शकते.

तिसरा प्रश्न परिमाणाचा. ‘थोडेसे लावा’ ह्या सूचनेला शास्त्रात अर्थ नाही. १९९१ मध्ये लाँग व फिनले ह्यांनी बोटाच्या पेराचे माप सुचविले. प्रमाणित तोंडाच्या ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, पेराच्या घडीपासून टोकापर्यंत, मलमाची जी रेघ बसते ती प्रौढाच्या बाबतीत सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या क्षेत्राला पुरते. ह्या मापाने एका पंजाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ, एका पायाला पाऊल वगळून सहा रेघा व सर्वांगाला सुमारे चाळीस रेघा, म्हणजे वीस ग्रॅम, मलम लागते. दोन्ही पंजांवर इसब असलेल्या रोग्याला दिवसातून एकदा, चौदा दिवस मलम लावावयाचे असेल, तर चौदा ग्रॅम पुरेसे होतात. अशा रोग्याला तीस ग्रॅमच्या दोन ट्यूबा दिल्या, तर उरलेले मलम घरातील कोणाच्या ना कोणाच्या अंगावर लागणारच, हे गृहीत धरावे.

४. झाकलेला नायटा

नायटा किंवा गजकर्ण हा कवकजन्य रोग आहे. ही कवके शृंगस्तरातील केराटिनवर जगतात. जिवंत पेशींच्या थरात ती सहसा उतरत नाहीत. रोग्याला जाणवणारी कंड आणि डोळ्यांना दिसणारी लाल, उंच, कडेने पसरत जाणारी गोलाकार रेषा ही प्रामुख्याने शरीराच्या प्रतिकाराची खूण असते. कवक पुढे सरकते, शरीर त्याला कडेवर अडविते, आणि त्या झटापटीचे वर्तुळ उमटते.

ह्या जागी स्टेरॉइड मलम लावल्यास प्रतिकार थंडावतो. दोन-तीन दिवसांत कंड थांबते, लाली मावळते, वर्तुळाची कड पुसट होते. रोगी समाधान पावतो. कवकाच्या मार्गातील अडसर मात्र दूर झालेला असतो. मलम थांबविताच कंड पूर्वीपेक्षा जोराने परतते, म्हणून रोगी पुन्हा तेच मलम लावतो, आणि प्रत्येक फेरीत रोगाचे क्षेत्र वाढत जाते. आईव्ह व मार्क्स ह्यांनी १९६८ मध्ये ह्या अवस्थेचे वर्णन करून तिला ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे वेषांतर केलेला नायटा, असे नाव दिले. वर्तुळात वर्तुळे, मधेच पुटकुळ्या, कडांचा अभाव, अशी तिची रूपे पाहून अनुभवी वैद्यही इसबाचे निदान करून बसतो आणि आणखी तीव्र स्टेरॉइड लिहून देतो. असा हा दुष्टचक्राचा प्रकार आहे.

हे चक्र तोडणारी तपासणी अगदी साधी आहे. डागाच्या कडेवरील कोंडा बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घ्यावा, त्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकावा व सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि कवकाचे धागे दिसू लागतात. स्टेरॉइडने झाकलेल्या नायट्यात धाग्यांची संख्या पुष्कळदा विपुल असते. खरजेच्या बाबतीतही असाच प्रकार घडतो: स्टेरॉइडने कंड दबते, किडे मात्र वाढत राहतात आणि घरातील इतर माणसांना लागण होत राहते.

५. भारतातील अनुभव

गेल्या काही वर्षांत भारतात नायट्याचे रूप पालटले आहे. पूर्वी पावसाळ्यात जांघेत येणारा आणि थोड्याशा उपचाराने जाणारा हा रोग आता बारमाही झाला असून चेहऱ्यापासून पायांपर्यंत पसरतो, कुटुंबातील अनेकांना एकाच वेळी होतो आणि उपचार संपताच उलटतो. पूर्वी ट्रायकोफायटॉन रुब्रम हे कवक प्रमुख मानले जाई. त्याची जागा आता पुष्कळ अंशी एका निराळ्या कवकाने घेतली आहे. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये त्याला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असे नाव दिले. त्याच्या अनेक वाणांवर टर्बिनाफीन हे औषध निष्प्रभ ठरते. हे औषध कवकातील स्क्वालीन इपॉक्सिडेज ह्या एंझाइमाला अडवून त्याच्या पेशीपटलास लागणाऱ्या अर्गोस्टेरॉलची निर्मिती थांबविते. दाद न देणाऱ्या वाणांत त्या एंझाइमातील एखादे ॲमिनो आम्ल बदललेले असते. ३९७ व्या स्थानी फेनिलॲलॅनीनच्या जागी ल्युसीन येणे हा त्यातील बहुधा आढळणारा बदल होय. हे कवक आता देशाच्या सीमा ओलांडून गेले आहे. अमेरिकेतील पहिल्या दोन रोग्यांची नोंद २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहरातून प्रसिद्ध झाली.

ह्या परिस्थितीचा सर्व दोष एकट्या स्टेरॉइडवर टाकणे अन्यायाचे होईल. उष्ण व दमट हवा, दाटीवाटीची घरे, घट्ट कपडे, एकमेकांचे टॉवेल वापरणे आणि अपुऱ्या दिवसांचा औषधोपचार ह्यांचाही त्यात वाटा आहे. तरी पण अर्धवट दाबलेला रोग महिनोन्महिने अंगावर बाळगणारी माणसे ही संसर्गाचा आणि नव्या वाणांच्या प्रसाराचा मोठा आधार ठरतात, ह्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

ह्या बाबतीत विशेष विचार करावयास हवा तो संयुक्त मलमांचा. स्टेरॉइड, कवकनाशक आणि प्रतिजैविक अशी तीन, क्वचित चार-पाच द्रव्ये एकाच ट्यूबमध्ये घालून विकण्याची प्रथा आपल्याकडे फार फोफावली. निदान न करता सर्व शक्यतांवर एकदम मारा करावा, असा तिच्यामागील विचार आहे. शास्त्रीय दृष्ट्या त्यात मूलभूत विसंगती आहे. कवकनाशक डाग दिसेनासे झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावयाचे असते. स्टेरॉइड शक्य तितक्या लवकर थांबवावयाचे असते. दोन औषधांच्या मुदती परस्परविरुद्ध असताना ती एका ट्यूबमध्ये कोंडली, तर एकाची मुदत पाळताना दुसऱ्याची मोडावीच लागते. प्रत्यक्षात रोगी कंड थांबताच मलम सोडतो, म्हणजे कवकनाशकाचा उपचार अर्धाच राहतो. प्रतिजैविकाला तर नायट्यात कामच नसते. जंतूंना त्या औषधाची सवय लावणे एवढेच त्याच्या हातून घडते.

६. चेहरा

चेहऱ्यावरील गैरवापराचे स्वरूप निराळे आहे. स्टेरॉइडने त्वचा तात्पुरती फिकट व नितळ दिसते, आणि गोरेपणाचा हव्यास असलेल्या समाजात ह्या गुणाचे मोल लगेच ओळखले जाते. वांगावर उपयोगी पडणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन व स्टेरॉइड ह्यांचे मिश्रण क्लिगमन व विलिस ह्यांनी १९७५ मध्ये सुचविले होते. मर्यादित मुदतीत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरावयाचे हे औषध आहे. आपल्याकडे त्याच धर्तीची, पण अधिक तीव्र स्टेरॉइड असलेली मलमे रोजच्या प्रसाधनासारखी महिनोन्महिने वापरली गेली.

भारतातील अनेक केंद्रांत झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेले २,९२६ रोगी तपासण्यात आले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड मलम लावीत होते. त्यांतील १२६ जणांनी ते गोरेपणासाठी, सर्वसाधारण क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावण्यासाठी वापरले होते. २५७ जणांना ते डॉक्टरखेरीज अन्य कोणाच्या तरी सांगण्यावरून मिळाले होते. डॉक्टरांनी दिलेल्या १७६ चिठ्ठ्यांपैकी ७८ त्वचारोगतज्ज्ञ नसलेल्यांच्या होत्या; ह्याचाच अर्थ असा, की उरलेल्या ९८ खुद्द तज्ज्ञांच्या होत्या. ह्या १७६ पैकी १४६ चिठ्ठ्यांवर रोग्यांनी अनाठायी पुन्हा पुन्हा औषध विकत घेतले. ४३३ पैकी ३९२ जणांत दुष्परिणाम आढळले.

ह्या आकड्यांतील शेवटून दुसरा आकडा प्राध्यापक व विद्यार्थी ह्या दोघांनीही लक्षात ठेवावा असा आहे. दोष केवळ औषधविक्रेत्याचा किंवा शेजाऱ्याचा असता, तर विषय सोपा झाला असता. प्रत्यक्षात निदान बरोबर, औषधही योग्य, आणि तरीही अपाय, असे घडले. कारण चिठ्ठी कोठे संपते हे चिठ्ठीत सांगितलेले नसते.

असे मलम एकाएकी थांबविले म्हणजे चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुटकुळ्या उठतात, आणि रोगी घाबरून पुन्हा त्याच मलमाकडे वळतो. हा मूळ रोग उलटला असे समजून पुन्हा स्टेरॉइड लिहून देणे ही वैद्याची दुसरी चूक ठरते.

७. कायदा व त्याची मर्यादा

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ‘एच’ मध्ये नोंदलेली औषधे नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. परंतु त्या अनुसूचीच्या टिपेमुळे बाहेरून लावावयाच्या औषधांना दीर्घकाळ सूट होती. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने ह्याविरुद्ध केलेल्या प्रयत्नांनंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांच्या बाबतीत ही सूट काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ संयुक्त औषधांवर बंदी घालण्यात आली. तीत क्लोबेटासोल व कवकनाशक एकत्र असलेल्या मलमांचाही समावेश होता. ही पावले स्वागतार्ह होत. पण चिठ्ठी सक्तीची केली म्हणून चिठ्ठी चांगली होत नाही. कायदा फार तर दुकानाच्या दारापाशी उभा राहतो. चिठ्ठीतील मजकूर वैद्याच्या विवेकावरच अवलंबून असतो.

८. भीतीचे दुसरे टोक

गैरवापराच्या वार्तांनी स्टेरॉइड ह्या शब्दाचीच धास्ती निर्माण झाली आहे. इसबाने रात्रभर खाजविणाऱ्या मुलाला आई मलम लावीत नाही, किंवा डॉक्टरने सांगितल्याच्या निम्मेच लावते. मग मूल झोपेविना राहते, खाजवून त्वचा फाटते व तीत जंतूंचा शिरकाव होतो. हाही बेजबाबदार औषधोपचाराचाच परिणाम आहे. केवळ दिशा उलट. अतितीव्र मलमही योग्य रोगात जीवरक्षक ठरू शकते, ह्याचे प्रमाण उपलब्ध आहे. वृद्धांत आढळणाऱ्या बुलस पेम्फिगॉइड ह्या फोडांच्या रोगावर जोली व त्यांचे सहकारी ह्यांनी ३४१ रोग्यांवर केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग फार पसरलेल्या गटात रोज ४० ग्रॅम क्लोबेटासोल क्रीम लावलेल्यांपैकी ७६ टक्के रोगी वर्षाअखेर हयात होते. पोटातून प्रेडनिसोन घेतलेल्यांत हे प्रमाण ५८ टक्के होते. येथे मात्रा प्रचंड होती, पण निदान निश्चित होते आणि रोगी सतत देखरेखीखाली होते.

९. चिठ्ठीची पूर्तता

वरील विवेचनावरून स्टेरॉइड मलमाच्या चिठ्ठीत काय असावे हे आपोआप निष्पन्न होते. प्रथम निदान: ते संशयास्पद असेल तर मलम लिहिण्यापूर्वी कोंडा तपासावा, गोल, कडेने वाढणाऱ्या डागावर तपासणीविना स्टेरॉइड लिहू नये. नंतर द्रव्याचे नाव, टक्केवारी व आधारद्रव्य. ह्यापुढील चार गोष्टी बहुधा गाळल्या जातात. शरीराच्या नेमक्या कोणत्या भागावर मलम लावावयाचे, आणि कोणत्या भागावर मुळीच लावावयाचे नाही. दिवसातून किती वेळा व पेराच्या मापाने किती. एकंदर किती ग्रॅम द्यावयाचे. आणि कोणत्या तारखेस थांबवावयाचे. क्लोबेटासोलसारख्या औषधाची मर्यादा सामान्यतः सलग दोन आठवडे व आठवड्यास ५० ग्रॅम ही मानली जाते; बुलस पेम्फिगॉइडसारख्या अपवादात ती ओलांडावयाची, तर तज्ज्ञानेच आणि देखरेखीखाली. ‘पुन्हा तपासल्याखेरीज हे औषध देऊ नये’ हे वाक्य चिठ्ठीवर मराठीत लिहिण्यास एका मिनिटाचाही वेळ लागत नाही. आणि रोगी व औषधविक्रेता हे दोघेही ते वाचू शकतात.

औषधयोजना शिकविताना औषधाची सुरुवात कशी करावी ह्यावर तासन्‌तास खर्च होतात. तिचा शेवट कसा करावा हा भाग विद्यार्थी अनुभवाने शिकेल असे मानले जाते, आणि तो अनुभव रोग्याच्या त्वचेवर घेतला जातो. स्टेरॉइड मलमांच्या बाबतीत तरी हा क्रम उलटणे अवश्य आहे. ज्या वैद्याला मलम केव्हा थांबवावयाचे हे सांगता येत नाही, त्याने ते सुरू करू नये, इतका साधा नियम पाळला गेला तरी नायट्याच्या आजच्या रूपातील एक मोठे कारण नाहीसे होईल.